फ्लॉवरचा भात की तांदळाचा? आधी ताट कुणाचं ते बघा!



"भात बंद करा, त्याऐवजी फ्लॉवर किसून खा" हा सल्ला सध्या मोबाईलवरून गावोगाव पोहोचला आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांपुरती असलेली ही गोष्ट आता इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या गावांतही ऐकू येते. म्हणजे ज्यांच्या चुलीवर रोज भातच शिजतो, ज्यांच्या बांधावरून पाणी वाहतं आणि खाचरात भातच पिकतो, अशी माणसं विचारू लागली आहेत, की "साहेब, भातानं साखर वाढते म्हणतात, मग फ्लॉवर खाल्लेला बरा का?" तिकडे निफाड, सिन्नरकडचे भाजीपाला उत्पादक विचारतात, की फ्लॉवरला एवढी मागणी येणार असेल तर यंदा एखादा एकर जादा लावू का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्हींचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. एकाला जे औषध तेच दुसऱ्याच्या घरात उपासमार ठरू शकतं, म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन बघू.

हा प्रकार आहे तरी काय?

प्रकार साधा आहे. फ्लॉवरचा गड्डा धुऊन, पाला आणि जाड दांडा काढून किसणीवर किसायचा किंवा मिक्सरमध्ये थोडा फिरवायचा. तांदळाच्या दाण्याएवढा चुरा झाला की कढईत पाच-सात मिनिटं परतायचा. दिसायला तो पांढऱ्या मोकळ्या भातासारखा दिसतो, चवीला मात्र फ्लॉवरच लागतो. वर आमटी किंवा रस्सा घेतला की ज्याला भाताची सवय आहे त्याचं थोडं समाधान होतं.

ही टूम निघाली अमेरिकेत. वजन आणि साखर कमी करण्यासाठी तिथले लोक पिठूळ पदार्थ टाळू लागले आणि भाताच्या जागी फ्लॉवरचा चुरा आला. पुढे मोठ्या कंपन्यांनी तो गोठवून पिशवीत भरून विकायला सुरुवात केली आणि नाव दिलं 'कॉलिफ्लॉवर राइस'. यावर तिथले भात उत्पादक खवळले. अमेरिकेतला जवळपास निम्मा तांदूळ एकट्या आर्कान्सा राज्यात पिकतो. त्या राज्यानं २०१९ साली कायदाच केला, की जे तांदळापासून बनलेलं नाही ते तांदूळ म्हणून विकायचं नाही. विकलं तर दर वेळी १,००० डॉलरपर्यंत दंड.

आपल्याला वाटेल, नावावरून एवढं भांडण कशाला? पण त्यात अर्थ आहे. भाजीला भात म्हटलं, की ती भाताचं काम करील असं खाणाऱ्याला वाटतं. ते काम ती करू शकते का, हे आता आकड्यांनी तपासू.

आकडे काय म्हणतात?

शंभर ग्रॅम शिजलेला पांढरा भात घ्या. त्यातून साधारण १३० उष्मांक, म्हणजे शरीराला लागणारी ताकद मिळते. पिष्टमय पदार्थ २८ ग्रॅम, प्रथिनं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, तंतू म्हणजे चोथा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी आणि 'क' जीवनसत्त्व अजिबात नाही.

आता शंभर ग्रॅम कच्चा फ्लॉवर घ्या. उष्मांक फक्त २५, पिष्टमय पदार्थ ५ ग्रॅम, प्रथिनं जवळपास २ ग्रॅम, चोथा २ ग्रॅम आणि 'क' जीवनसत्त्व ४५ ते ५० मिलिग्रॅम. 'फॉलेट' हे रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्वही फ्लॉवरमध्ये साध्या भातापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, फ्लॉवर जिंकला! पण थांबा. त्या शंभर ग्रॅम फ्लॉवरमध्ये ९२ ग्रॅम पाणी आहे, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. शिजलेल्या भातातही पाणी असतंच, साधारण ६८ ग्रॅम. म्हणजे आपण पाण्याची पाण्याशी तुलना करतो आणि वजनावर निकाल लावतो. दूध आणि खवा एकाच मापानं मोजावा तसं हे झालं.

खरा हिशेब असा करा. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळातून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. तेवढीच ताकद फ्लॉवरमधून काढायची तर पाला-दांडा काढून साफ केलेला १ किलो ४०० ग्रॅम फ्लॉवर खावा लागेल. साधारण दोन वाट्या भात होईल एवढ्या तांदळासाठी दीड किलोच्या आसपास भाजी! हे एका माणसाच्या पोटात मावणारं नाही आणि कष्टकऱ्याच्या खिशालाही परवडणारं नाही.

उलट बाजूनंही बोललं पाहिजे. दोन्हींतलं पाणी काढून कोरड्या वजनावर पाहिलं तर प्रथिनांचा वाटा फ्लॉवरमध्ये तांदळापेक्षा दुपटीहून जास्त निघतो. पण म्हणून फ्लॉवर प्रथिनांचा साठा होत नाही, कारण ते कोरडं वजन मुळात आठच ग्रॅम आहे. डाळ, मटकी, अंडी, दूध यांचं काम फ्लॉवर करत नाही आणि एकटा भातही करत नाही.

थोडक्यात, फ्लॉवर ही उत्तम भाजी आहे, तांदूळ हे धान्य आहे. भाजीचं काम शरीराची राखण करण्याचं, धान्याचं काम ताकद पुरवण्याचं. बैलाची तुलना शेळीशी करून कोण चांगलं असं विचारण्यात हशील नाही. आपल्याला नांगर ओढायचा आहे की दूध काढायचं आहे, ते आधी ठरवावं लागतं.

मग भाताला दोष कुठवर द्यायचा?

भाताची बाजू घेताना डोळे झाकून चालणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज निघाला आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त शहरी शेठजींचा आजार राहिलेला नाही. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, पंप घरबसल्या मोबाईलवरून सुरू होऊ लागला. अंगमेहनत घटली, पण ताटातला भाताचा ढीग मात्र आजोबांच्या काळचाच राहिला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलं आहे, की आपल्या लोकांना ५० ते ७० टक्के ताकद एकट्या धान्यातून मिळते. ती ४५ टक्क्यांपर्यंत असावी, डाळी आणि इतर प्रथिनांचा वाटा वाढावा आणि भाज्या, फळं, कंद मिळून वजनानं जवळपास निम्मं ताट भरावं. आता आपलं ताट आठवा. भाताचा डोंगर, त्यावर पातळ आमटी, कडेला चमचाभर भाजी आणि लोणच्याची फोड. निम्मं ताट भाजीचं असलेलं घर किती?

दुसरा दोष पॉलिशचा. गिरणीत तांदूळ जेवढा पांढराशुभ्र करून घ्याल तेवढा त्याचा कोंडा आणि अंकुर निघून जातो. त्याबरोबर 'ब-१' जीवनसत्त्वाचा निम्म्याहून जास्त भाग, चोथा आणि खनिजंही जातात. हातसडीचा किंवा एकदाच सडलेला तांदूळ, तसंच कोकणातला उकडा तांदूळ या बाबतीत सरस आहे. उकड्यात भात सालीसकट उकडताना वरच्या थरातली जीवनसत्त्वं दाण्याच्या आत मुरतात, म्हणून पुढे सडल्यावरही ती बऱ्यापैकी टिकतात. गिरणीवाल्याला "जास्त घासू नका" एवढं सांगायला पैसे पडत नाहीत.

कुणी बदल करावा?

ज्यांचं काम बैठं आहे, ज्यांचं वजन वाढलेलं आहे, ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी फ्लॉवरचा उपयोग जरूर करावा. पूर्ण भात बंद करायची गरज नसते. दोन वाट्या भात घेत असाल तर एक वाटी भात आणि एक वाटी परतलेला फ्लॉवरचा चुरा एकत्र करा. वाटीभर भाताचे दोनशे उष्मांक धरले तर वाटीभर फ्लॉवरचे तीसही होत नाहीत. पोट भरल्यासारखं वाटतं, साखर एकदम चढत नाही आणि भाताची आठवणही राहते. सोबत घट्ट वरण किंवा उसळ पाहिजेच.

इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, चुरा परतताना तेल हात राखून घाला. एक मोठा पळीभर तेल म्हणजे शंभराहून जास्त उष्मांक. भात कमी करून वाचवलेलं सगळं तिथेच परत येतं. दुसरी, चुरा फार शिजवू नका आणि शिजवलेलं पाणी फेकू नका, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेनं आणि पाण्यातून जातं. तिसरी सर्वात महत्त्वाची. ज्यांचं इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी व्हिडिओ पाहून एका दिवसात भात-भाकरी बंद करू नये. औषधाचा डोस जुन्या जेवणाप्रमाणे ठरलेला असतो. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शेतात चक्कर येऊन माणूस पडू शकतो. आधी डॉक्टरांना विचारा, मग ताट बदला.

कुणी अजिबात करू नये?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० उष्मांक लागतात. जड कष्ट करणाऱ्याला लागतात ३,४७०. बायकांच्या बाबतीत हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. चिखलणी, लावणी, ओझी वाहणं हे जड कष्टच. लावणीला वाकून दिवस काढणाऱ्या बाईला भाताऐवजी फ्लॉवर वाढणं म्हणजे इंजिनात डिझेलऐवजी पाणी ओतणं.

लहान मुलांचं तर पोटच वाटीएवढं. त्यात कमी जागेत जास्त ताकद मावली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आढळली. अशा मुलांच्या ताटातून भात काढून पाणीदार भाजी भरणं परवडणारं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनाही हेच लागू. घरात एकाला साखर निघाली म्हणून सगळ्यांच्याच भाताला कात्री लावायची, ही चूक काही घरांत होताना दिसते. ताई-वहिनींनो, चूल एक असली तरी ताटं वेगळी वाढा.

खरी गोम इथे आहे

शहरात भाजीनं भाताची जागा घ्यावी का, अशी चर्चा चालू आहे. आपल्याकडे उलटं घडलं आहे. भातानं भाजीची जागा कधीच घेतली आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत केलेलं आहे. ही मदत मोठी आहे, त्यानं चूल विझत नाही. पण धान्य रेशनवर मिळतं, भाजी मिळत नाही. ती विकत घ्यावी लागते किंवा पिकवावी लागते. मग हातावर पोट असलेल्या घरात काय होतं? भात पोटभर आणि भाजी नावाला.

याची किंमत रक्तात दिसते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. धान्य आणि डाळीत जे लोह असतं ते शरीरात सहज मुरत नाही. 'क' जीवनसत्त्व सोबत असलं तर जास्त मुरतं. फ्लॉवर, कोबी, लिंबू, आवळा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांचं हे मोठं काम आहे. पण हे काम होण्यासाठी त्याच जेवणात वरण-भात, नागलीची भाकरी, उसळ असली पाहिजे. फ्लॉवर भाताशेजारी बसला तर दोघांचा फायदा. त्यानं भाताला ताटातून उठवलं तर तो मदत तरी कुणाला करणार?

सरकारी शाळेतल्या पोषण आहाराचं मापही हेच सांगतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी. धान्य आणि भाजी दोन्ही आहेत, एकाच्या बदली दुसरं नाही. सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना विनंती, की एकदा दुपारच्या वेळी शाळेत जाऊन बघा. प्राथमिकच्या शंभर मुलांचा पट हजर असेल तर त्या दिवशी ५ किलो भाजी पडली पाहिजे. तांदळाच्या पोत्यांचा हिशेब सगळे बघतात, भाजीच्या किलोचा हिशेब कोण बघतो?

शेतकऱ्यानं काय धडा घ्यावा?

आता भाजीपाला उत्पादकांच्या प्रश्नाकडे येऊ. मोबाईलवर फ्लॉवरच्या भाताचा बोलबाला आहे म्हणून लागवड वाढवू नका. फ्लॉवर हे नाशवंत पीक. गड्डा तयार झाला की थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की पिवळा पडतो, सुटतो. आवक एकदम वाढली की बाजार समितीत भाव असा कोसळतो, की क्रेटचं भाडंही निघत नाही आणि उभ्या पिकात नांगर घालायची वेळ येते. किसलेल्या फ्लॉवरची गिऱ्हाइकं अजून शहरातल्या थोड्या घरांत आणि हॉटेलांत आहेत. त्यात किसलेला माल गड्ड्यापेक्षाही लवकर खराब होतो, त्याला शेतापासून दुकानापर्यंत थंडावा लागतो आणि विक्रीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. शहराजवळच्या एखाद्या उत्पादक कंपनीनं किंवा बचत गटानं आधी खरेदीदार पक्का करून, लेखी मागणी हातात घेऊन छोट्या प्रमाणात करून पाहायला हरकत नाही. आधी यंत्र आणि मग गिऱ्हाईक, असा उलटा क्रम धरू नका.

फवारणीबाबत मात्र आतापासूनच सावध व्हा. किसलेला फ्लॉवर जेमतेम परतून खातात, कुणी कच्चाही खातं. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी दिसली की काही जण काढणीच्या आदल्या दिवशीपर्यंत फवारे मारतात. औषधाच्या डब्यावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं, ते पाळाच. मोहरीची सापळा ओळ, कामगंध सापळे, निंबोळी अर्क यांचा वापर सुरुवातीपासून ठेवला तर शेवटी हात धुऊन फवारायची वेळ येत नाही. घरी खाणाऱ्यांनी किसण्याआधी तुरे सोडवून मिठाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावेत, म्हणजे आतल्या अळ्या निघतात. औषधाचा अंश मात्र सगळा धुतला जात नाही, म्हणून खबरदारी शेतातच घ्यायची.

आणखी एक. गड्डा घेऊन पाला आपण बांधावर फेकतो. त्या कोवळ्या पाल्यात गड्ड्यापेक्षा कॅल्शियम आणि लोह कितीतरी जास्त असतं. बारीक चिरून, डाळ घालून त्याची भाजी छान होते. अर्थात फवारणी केलेल्या प्लॉटचा पाला नको. घराजवळ चार-दहा रोपं बिनफवाऱ्याची लावा आणि त्यांचा वापरा.

भात उत्पादकांनी घाबरून जायचं कारण नाही. फ्लॉवरनं तांदळाचा बाजार मोडणार नाही. मात्र आरोग्य बघून खाणारं गिऱ्हाईक वाढतं आहे, हे ओळखा. कमी पॉलिशचा, हातसडीचा इंद्रायणी किंवा आंबेमोहर थेट विकणाऱ्या गटांना इथे संधी आहे. पेठ, सुरगाण्याच्या बंधूंकडे तर नागली आणि वरईचा ठेवाच आहे. नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. फ्लॉवरमध्ये २० च्या आसपास, तांदळात त्याहूनही कमी. वरईबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाका. भगर हलकी म्हणून कितीही खाल्ली तरी चालते असं नाही. ते धान्यच आहे, तिचे उष्मांक तांदळाएवढेच. फायदा चोथ्याचा आहे आणि तोसुद्धा भगर फार घासलेली नसेल तर.

तेव्हा उद्या कुणी विचारलं, की फ्लॉवर चांगला की भात, तर आधी त्यालाच विचारा, खाणारा कोण आणि तो दिवसभर करतो काय? खुर्चीवर बसणाऱ्यानं आणि साखरवाल्यानं भाताची एक वाटी कमी करून तिथे भाजी भरावी. कष्टकऱ्यानं, पोरासोरांनी, गरोदर बाईनं भात तेवढाच ठेवून शेजारी भाजी आणि डाळ वाढवावी. भाजी दोघांनाही हवी आहे. ती विकत घेणं जमत नसेल तर मोरीचं पाणी जिथे जातं तिथे या हंगामात शेवग्याचं एक झाड, वाफाभर पालक-मेथी आणि पाच-दहा रोपं फ्लॉवर-कोबीची लावा. बियाण्याबद्दल किंवा रोपांबद्दल अडचण असेल तर आपल्या गावाच्या कृषी कर्मचाऱ्याला गाठा. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंनी पुढच्या माता बैठकीत हा विषय जरूर घ्यावा आणि बोलताना समोर एक भरलेलं ताट ठेवावं. भाताचा ढीग किती आणि भाजी किती, हे डोळ्यांनी दिसलं की पुढचं फार समजवावं लागत नाही.